स्टेपनी नसलेल्या गाडीला टायर घेताना

वाचकांचे प्रश्न : वाहन

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे टायरविषयीची आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या गाडीत स्टेपनी नाही. पाचवे चाक गेले की उरलेल्या चार टायरची निवड बदलते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. म्हणून सांगलीच्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देतो. इतर पत्रांची उत्तरे त्यानंतर येतील.

प्रश्न : माझ्याकडे कंपनीनेच सीएनजी बसवून दिलेली छोटी गाडी आहे. डिकीच्या तळाशी टाक्या असल्यामुळे स्टेपनी मिळाली नाही; त्याऐवजी हवेचा छोटा पंप आणि द्रवाची बाटली असा संच मिळाला. चार वर्षांत गाडी ४४,००० किलोमीटर चालली. गेल्या महिन्यात खड्ड्यात आदळल्यापासून पुढच्या डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा आला आहे. पुढच्या टायरच्या नक्षीची खोली ३ मिलिमीटर आणि मागच्यांची ५ मिलिमीटर उरली आहे, असे दुकानदाराने मोजून सांगितले. चारही टायर बदला आणि एक माप रुंद घ्या, म्हणजे पंक्चर कमी होतील, असा त्याचा आग्रह आहे. सध्याचा आकार १७५/६५ आर १४, ८२ टी असा आहे. माझी ऐपत दोन टायरची आहे आणि महिन्यातून एकदा आंबा घाटाने रत्नागिरीला जावे लागते. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : फुगवटा आलेल्या टायरने आता गावाबाहेर जाऊ नका, मग घाट तर दूरच राहिला. रबराच्या आत धाग्यांचे थर असतात आणि टायरची खरी ताकद त्या धाग्यांत असते. खड्ड्याच्या कडेवर आदळल्यावर टायर रिमशी चिमटला जातो, तेथले धागे तुटतात आणि आतली हवा उरलेल्या रबराला बाहेर ढकलते; आपल्याला दिसतो तो लिंबाएवढा गोळा म्हणजे ही तुटलेली जागा आहे. त्यावर पॅच बसत नाही, स्ट्रिप (छिद्रात खुपसायची रबरी दोरी) चालत नाही आणि तो केव्हा फुटेल हे कोणीही सांगू शकत नाही. स्टेपनी असती तर आपण ते चाक त्याच दिवशी उतरवले असते. नसल्यामुळे महिनाभर त्यावरच गाडी चालली, आणि हीच या गाड्यांची खरी अडचण आहे.

चार टायर मात्र घेण्याची गरज नाही. मागच्या टायरवर ५ मिलिमीटर नक्षी आहे. नव्या टायरवर साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते आणि कायद्याने मोटारीला किमान १.६ मिलिमीटर लागते, म्हणजे त्या टायरचे बरेच आयुष्य शिल्लक आहे. दोन नवे टायर घ्या आणि ते मागे बसवून घ्या, मागचे पुढे आणा. येथे दुकानात वाद होईल, कारण बहुतेक ठिकाणी नवे टायर पुढे घालण्याची रीत आहे आणि गाडी पुढच्या चाकांवर ओढते, हे त्यासाठी कारण दिले जाते. आपण आपल्या म्हणण्यावर ठाम राहा. पावसात पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि पाय वर घेतला की बहुधा सावरते. मागची चाके घसरली तर गाडी फिरते आणि घाटातल्या वळणावर फिरलेली गाडी सावरणे सराईत चालकालाही कठीण जाते. त्यामुळे पकड जास्त असलेली जोडी मागेच हवी.

आता उतरवलेल्या दोन टायरकडे वळू. डावा तर गेलाच, पण उजवा ३ मिलिमीटरचा टायर जुन्याच्या भावात दुकानदाराला देऊन टाकू नका. पावसाळ्यात रोज वापरायला ३ मिलिमीटर ही मी शेवटची मर्यादा मानतो, कारण त्याखाली खाचांना पाणी बाहेर फेकणे जमेनासे होते. परंतु अडचणीच्या वेळी ताशी ५०-६० च्या वेगाने पुढच्या गावापर्यंत जायला तो पुरेसा आहे. जुन्या बाजारात किंवा डिस्क विकणाऱ्याकडे आपल्या गाडीची साधी लोखंडी डिस्क मिळते. डिस्क घेताना बोल्टची संख्या, बोल्टच्या वर्तुळाचे माप, मधल्या छिद्राचा व्यास आणि डिस्क आत-बाहेर किती बसते हे चारही जुळले पाहिजे. म्हणून गाडी घेऊन जा आणि चाक प्रत्यक्ष लावून, हाताने फिरवून, ब्रेकला कोठे घासत नाही ना, हे पाहूनच पैसे द्या. सध्या अलॉयची चाके असतील तर लोखंडी डिस्कला तेच नट चालतात का, हेही तेथेच पाहून घ्या. अशा रीतीने आपली स्टेपनी तयार होते, आणि तिचा खर्च एका डिस्कपुरताच राहतो.

ती ठेवायची कोठे, हा प्रश्न खरा आहे. रोजच्या सांगली-मिरज फेऱ्यांना ती घरी राहू द्या. रत्नागिरीला जाताना मागच्या सीटवर जुन्या चादरीत गुंडाळून, सीटच्या पट्ट्याने घट्ट बांधून न्या. सुटे चाक जोराच्या ब्रेकला पुढे येऊन आदळते. शिवाय जॅक आणि पाना गाडीत आहेत का, हे आजच पाहा, कारण संच दिलेल्या अनेक गाड्यांत कंपनी या दोन वस्तू देत नाही आणि हे नेमके रस्त्यावरच कळते.

रुंद टायरचा सल्ला मी मानणार नाही. आकाराचा अर्थ असा की टायर १७५ मिलिमीटर रुंद आहे, त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आहे, रचना रेडियल आहे आणि रिम १४ इंची आहे. हिशेब केला तर पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ५८३ मिलिमीटर येतो. १८५/६५ घेतला तर तो ५९६ होतो, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडा अधिक. मीटरवर १०० दिसताना गाडी १०२ ने धावेल, वळवताना टायर आतल्या आवरणाला घासू शकेल आणि मायलेज थोडे घटेल. पंक्चर कमी होण्याचा तर काही संबंधच नाही. रुंद टायर रस्त्यावरचा खिळा उचलायला जास्त जागा देतो. आणखी एक गोष्ट अशी की दोनच टायर बदलायचे असतील तर पुढे एक माप आणि मागे दुसरे, असा प्रकार होईल आणि आपण तयार केलेली स्टेपनी मागे बसवायची वेळ आली तर तीही मापाला जुळणार नाही.

आकारानंतरचे ८२ आणि टी हे दोन्ही वाचायला हवेत, कारण स्वस्त टायर शोधताना चूक बहुधा तेथेच होते. ८२ म्हणजे तो टायर ४७५ किलोग्रॅम भार पेलतो आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर वेगापर्यंत तो चाचणीत उतरला आहे. त्याच आकारात कमी भाराचा टायर दोन-तीनशे रुपयांनी स्वस्त मिळाला तरी तो नको. आपल्या गाडीत टाक्यांचे वजन कायम मागच्या चाकांवर असते, त्यात माणसे आणि सामान भरून आपण घाट चढणार आहात. ८२ किंवा त्याहून मोठा आकडा चालेल, लहान चालणार नाही.

टायर कधी बनला हे त्याच्या बाजूवर लिहिलेले असते. लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ असे असेल तर तो २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनला आहे. दुकानात धूळ खात पडलेला दोन-अडीच वर्षांचा टायर 'नवाच आहे, वापरलेला नाही' म्हणून स्वस्तात देऊ केला जातो. रबर वापराविनाही कडक होते. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी काढून टाकावा, असे टायर कंपन्याच सांगतात. त्यामुळे दोन वर्षे जुना टायर म्हणजे आयुष्याचा चांगला हिस्सा आधीच संपलेला टायर होय. सहा-आठ महिन्यांच्या आतला मागा, दोन्ही टायरवरचे आकडे स्वतः वाकून वाचा आणि ते आकडे पक्क्या बिलावर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तेच उपयोगी पडतात.

किमतीचा विचार करताना एक गोष्ट विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. कर वगळून ४,००० रुपयांचा टायर पूर्वी ५,१२० रुपयांना पडत होता, तो आता ४,७२० रुपयांना पडायला हवा. त्यामुळे आपल्या शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी दिलेला भाव आज तुलनेला घेऊ नका. दोन-तीन दुकानांत विचारताना भावात फिटिंग, नवे व्हॉल्व आणि बॅलन्सिंग धरले आहे का, हे स्पष्ट करून घ्या; अलाइनमेंटचे पैसे बहुधा वेगळे असतात आणि ते वाचवू नयेत, कारण खड्ड्यात आदळलेल्या गाडीचे अलाइनमेंट बिघडलेले असण्याची शक्यता मोठी आहे आणि तसेच ठेवले तर टायर एका कडेने झिजून वर्षभरात गोटा होईल.

कंपनी कोणती, हे आपण विचारले नाही, तरी एक कसोटी सांगतो. स्टेपनी असलेल्या माणसाने आवडीचा टायर घ्यावा; स्टेपनी नसलेल्या माणसाने आधी आपल्या नेहमीच्या रस्त्यावर कोणता टायर मिळतो ते पाहावे. हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी, जुलै महिन्यात, याच आंबा घाटात माझ्या तेव्हाच्या गाडीचा मागचा टायर दरडीतून आलेल्या धारदार दगडाने बाजूला कापला गेला. गाडीत स्टेपनी नव्हती, संच होता. पावसात छत्री मानेत धरून मी बाटली जोडली, पंप सुरू केला आणि पाहत राहिलो : अंगठ्याएवढ्या चिरेतून दुधासारखा पांढरा फेस बाहेर येत होता आणि चिखलावरून वाहून जात होता, पंपाचा काटा मात्र शून्यावरून हलत नव्हता. बाटलीतला द्रव खिळ्याच्या छिद्रासाठी असतो, चिरेसाठी नाही, हे संचाच्या पुस्तिकेत लिहिलेले होते आणि मी ते वाचलेले नव्हते. साडेतीन तासांनी गाडी उचलून नेणारे वाहन आले. दुसऱ्या दिवशी मलकापुरात माझ्या गाडीचा १६ इंची टायर कोणाकडेच नव्हता. कोल्हापूरहून तो यायला दुपार झाली. १७५/६५ आर १४ हा आपल्याकडे पुष्कळ गाड्यांना लागणारा आकार आहे आणि तालुक्याच्या गावातही तो सहसा मिळतो. ही आपली जमेची बाजू आहे. रुंद टायरच्या मोहात ती गमावू नका.

आता त्या बाटलीविषयी. ती टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातले ४ ते ६ मिलिमीटरपर्यंतचे छिद्र तात्पुरते बंद करते. तिच्यावर मुदत छापलेली असते आणि ती साधारण चार-पाच वर्षांची असते. आपल्या गाडीला चार वर्षे झाली आहेत, म्हणून आजच पाहा. मुदत संपली असेल तर फक्त बाटली नवी मिळते. वापरायची वेळ आली तर टोचलेला खिळा काढू नका, इंजिन चालू ठेवून पंप लावा, हवा भरली की लगेच काही किलोमीटर गाडी चालवा म्हणजे द्रव आत पसरेल, मग थांबून दाब पुन्हा मोजा आणि वेग ताशी ८० च्या वर नेऊ नका. पंक्चरवाल्याला टायर खोलण्यापूर्वीच आत द्रव आहे हे सांगा, म्हणजे तो रिम धुऊन घेईल. माझ्या अनुभवाने साध्या खिळ्याला बाटली फोडण्यापेक्षा शे-दोनशे रुपयांत मिळणारा स्ट्रिपचा संच गाडीत ठेवणे चांगले. ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे एकदा उभे राहून स्ट्रिप कशी मारतात ते शिकून घ्या. हवा भरायला आपल्याकडे पंप आहेच.

प्रश्न : स्टेपनी नसल्याबद्दल वाहतूक पोलीस दंड करू शकतात का? मी नंतर बाहेरून सीएनजी बसवली आणि जागेसाठी स्टेपनी काढून घरी ठेवली आहे.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि ती त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू आहे. चालकासह नऊ आसनांपर्यंतच्या आणि साडेतीन टनांपर्यंत वजनाच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर दुरुस्त करण्याचा संच आणि टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी आवश्यक नाही, असा तिचा आशय आहे. सांगलीच्या वाचकांसारख्या, कंपनीनेच संच देऊन पाठवलेल्या गाड्या या सवलतीत बसतात. आपल्या गाडीत संच आणि दाबाची यंत्रणा ही दोन्ही असल्याशिवाय ही सवलत आपल्याला नाही. स्टेपनी गाडीतच ठेवा. दंडापेक्षाही मला काळजी वाटते ती या गोष्टीची की आपल्याकडे चाकही नाही आणि पंपही नाही.

'स्टेपनी' हा शब्द आपण इतका आपला केला आहे की तो कोठून आला हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वेल्समधील लानेली गावातल्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी मोटारींसाठी जादा चाक बनवायला सुरुवात केली. त्यापूर्वीच्या गाड्या जादा चाकाशिवायच येत. रस्त्याचे नाव चाकाला मिळाले आणि ते आपल्याकडे टिकून राहिले.

प्रश्न : जुने टायर घेणे अगदीच चूक आहे का? आमच्या येथे एक जण 'कंपनीचे उतरवलेले' टायर निम्म्या किमतीत देतो. रिमोल्ड (झिजलेल्यावर नवी नक्षी चढवलेले) टायर तर त्याहूनही स्वस्त आहेत.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : या दोन्हींमध्ये फार फरक आहे. नवी गाडी घेतल्याबरोबर मोठी अलॉय चाके बसवणारे लोक मूळचे टायर शे-दोनशे किलोमीटरवरच काढून टाकतात. असे टायर खरोखर मिळाले तर तो चांगला सौदा असतो, विशेषतः स्टेपनी तयार करायची असेल तर. मात्र बाजूवरचे तारखेचे चारही आकडे वाचा. नव्या टायरवर साच्यातून आलेले रबराचे बारीक केस अजून दिसतात का, ते पाहा. टायर हातात घेऊन आतल्या बाजूने पूर्ण फिरवा आणि पॅच, सुरकुती किंवा काळपट पट्टा दिसतो का, ते तपासा. हवा नसताना चाललेल्या टायरला आतून, बाजूच्या भिंतीवर, घासल्याचा पट्टा येतो आणि काळ्या भुग्यासारखे रबर सुटते. बाहेरून तो नवा दिसतो, म्हणून हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. रिमवर बसवलेला टायर कोणी खोलून दाखवायला तयार नसेल तर तो घेऊ नका.

रिमोल्ड मात्र मोटारीला नको. ट्रकच्या टायरचा सांगाडा पुन्हा नक्षी चढवण्यासाठी बनवलेला असतो आणि तेथे ते काम नीट, मापात होते. मोटारीच्या जुन्या टायरवर नवा थर चिकटवून विकताना आतले धागे किती थकले आहेत हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. गोटा झालेल्या टायरवर तापलेल्या पात्याने खाचा कोरून विकण्याचा प्रकारही होतो. टायर हलका वाटला आणि खाचांच्या तळाशी धागा दिसला तर तो तसाच टायर समजा.

स्वस्त नवा टायर हवा असेल तर फारसे नाव न झालेली देशी कंपनीही चालेल, फक्त बाजूवर आयएसआयचे चिन्ह आणि १५६३३ हा मानक क्रमांक असला पाहिजे. मोटारीच्या टायरला तो बंधनकारक आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले, त्यामुळे पूर्वी मिळणारे अगदी स्वस्त आयात टायर आता सहजी मिळत नाहीत. कोणी 'इम्पोर्टेड' म्हणून फार कमी भावात देत असेल तर आधी तारीख पाहा. आपल्या आसपास गोव्यात उसगावला, नाशिकला, चाकणला आणि वाळूजला मोठ्या कंपन्यांचे टायर बनतात, त्यामुळे ताजा माल मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

भाव आणि आयुष्य यांचा हिशेबही एकदा कागदावर करा. समजा, ४,५०० रुपयांचा टायर ४०,००० किलोमीटर चालला तर किलोमीटरला सव्वा अकरा पैसे पडतात; ५,५०० चा टायर ५५,००० किलोमीटर चालला तर दहा पैसे पडतात. आपली गाडी वर्षाला चार हजारच चालत असेल तर मात्र दुसऱ्या टायरची नक्षी संपण्याआधी त्याचे वय संपेल, आणि तेव्हा पहिलाच स्वस्त पडेल. गाडी किती चालते हे न विचारता टायर सुचवणाऱ्याचा सल्ला म्हणून अर्धवट असतो.

प्रश्न : माझी विजेवरची गाडी आहे, स्टेपनी नाही. समृद्धी महामार्गावरून नागपूरहून शिर्डीपर्यंत वरचेवर जातो. पुढचे टायर २८,००० किलोमीटरलाच संपत आले. विजेच्या गाडीसाठीचेच महाग टायर घ्यावेत का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बॅटरीमुळे ही गाडी तिच्याएवढ्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असते आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो, म्हणून पुढची चाके लवकर झिजतात. सिग्नलवरून सुटताना पाय हलका ठेवला तर पुढच्या जोडीचे आयुष्य वाढते; यासारखी फुकट बचत दुसरी नाही. विजेच्या गाडीचा शिक्का असलेला टायर घेतलाच पाहिजे असे नाही. मूळ टायरवरचा भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर मात्र नव्या टायरवर तेवढेच किंवा त्याहून वरचे हवे. मूळ टायरवर 'एक्स्ट्रा लोड' किंवा 'एक्सएल' लिहिले असेल तर नवा टायरही तसाच घ्या. रस्त्यावर लोळायला कमी विरोध करणारा टायर असेल तर एका चार्जमधले अंतर वाचते, आणि काही टायरवर ऊर्जा बचतीच्या ताऱ्यांचे लेबल दिसते ते यासाठीच असते.

समृद्धीवर मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे आणि टी अक्षराच्या टायरलाही हा वेग जड नाही. टायर फुटतो तो बहुतांशी कमी हवेने. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकण्याने तापते आणि सलग तास-दोन तास एकाच वेगाने चालल्यावर तापलेले धागे सुटू लागतात. गावातल्या रस्त्यावर हाच टायर मधूनमधून निवतो, म्हणून तेथे काही होत नाही. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे हवा भरा. गाडी भरलेली असेल तर त्याच तक्त्यावर वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो. वाटेत टायर गरम असताना काटा तीन-चार पौंड जास्त दाखवेल, तेव्हा हवा काढू नका. वैशाखात वऱ्हाडातून जाताना हवा मुद्दाम कमी ठेवावी, असा समज अजूनही पसरलेला आहे आणि तो धोक्याचा आहे.

प्रश्न : पंक्चरच होऊ नये म्हणून टायरमध्ये आधीच जेल भरून घ्यावे का? स्टेपनीची गरजच राहणार नाही, असे विकणारा म्हणतो.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या गाडीत चाकांच्या व्हॉल्वला दाबाचे सेन्सर असतील तर जेल चिकटून ते सेन्सर बिघडू शकतात आणि एका सेन्सरचा खर्च कित्येक पंक्चरच्या खर्चाहून मोठा असतो. जेल एका बाजूला साचले की बॅलन्सिंग जाते आणि स्टिअरिंग थरथरते. टायर कंपनीने वॉरंटी नाकारण्याचीही शक्यता असते. शिवाय बाजूच्या चिरेला ते उपयोगी नाही, म्हणजे ज्या प्रसंगी स्टेपनी खरोखर लागते त्या प्रसंगी जेल कामाला येणार नाही. छोटे छिद्र जेलमुळे कळतच नाही आणि खिळा महिनोन् महिने आतच राहून आतल्या पोलादी तारांना गंज चढवतो, हा तोटा मला सर्वांत मोठा वाटतो. तेच पैसे जॅक, पाना आणि लोखंडी डिस्क यांत घाला. ट्यूबलेस टायर वारंवार पंक्चर होतो म्हणून आत ट्यूब घालून देणारेही भेटतात. त्यांनाही नाही म्हणा.

प्रश्न : वापरलेली जर्मन गाडी घेतली आहे, तिला रनफ्लॅट टायर आहेत. ते फार महाग आहेत. साधे घालू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : रनफ्लॅटची बाजू जाड रबराची असते, त्यामुळे हवा पूर्ण गेली तरी सामान्यतः ८० किलोमीटर अंतर ताशी ८० च्या आत कापता येते. स्टेपनी न देता कंपनीने ही सोय केलेली असते. साधे टायर घालता येतात आणि खड्ड्यांतून गाडी अधिक मऊ चालते, पण मग सोय जाते; म्हणून पंपाचा संच किंवा छोटी स्टेपनी आधी घ्या आणि नंतरच टायर बदला. एक रनफ्लॅट आणि एक साधा अशी मिसळ करू नका. बदलायचे तर चारही बदला. रनफ्लॅट ठेवायचे असतील तर दाबाची यंत्रणा चालू आहे याची खात्री करून घ्या, कारण हवा गेल्याचे या टायरवर गाडी चालवताना हाताला कळत नाही.

प्रश्न : खड्ड्यात फुटलेल्या टायरचे पैसे विम्यातून मिळतात का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यात नुसता टायर गेला तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळते. टायरसाठी वेगळे जोडकलम घेता येते. स्टेपनी नसलेल्या आणि महाग, मोठ्या मापाचे टायर असलेल्या गाडीला ते विचारात घ्यावे, १४ इंची टायरच्या गाडीला बहुधा परवडत नाही. रस्त्यावर मदत देणारे जोडकलम मात्र आपण कोकणात राहता म्हणून घ्या, आणि घेण्यापूर्वी त्यात गाडी किती किलोमीटरपर्यंत उचलून नेतात हे वाचा, कारण कुडाळहून गाडी सावंतवाडीला नेणे आणि ती फोंडा घाट चढवून कोल्हापूरला नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.